दीड वीत कोरडं

१

सासरी आल्यावर सुकन्याच्या वाट्याला स्वतंत्र असं एकच काम आलं, ते म्हणजे उंबरा. बाकी घर आत्यांच्या, म्हणजे सासूबाई लक्ष्मम्मांच्या हातात होतं आणि हातातलं सोडायची त्यांना घाई नव्हती. भाजीला फोडणी त्या देणार, दुधावर नजर त्या ठेवणार. पण सकाळी उंबरा धुवायचा, त्यावर भस्माची तीन बोटं ओढायची, दोन फुलं ठेवायची, हे मात्र नव्या सुनेनं.

"लक्ष्मी आत येताना आधी उंबरा बघती," आत्या म्हणाल्या होत्या. "मग सून बघती. सून वाईट निघाली तर निदान उंबरा तरी चांगला दिसावा."

लातुरात त्यांच्या गल्लीत नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं, म्हणून उंबऱ्याला रोज एकच तांब्या. एका तांब्यात तीन फुटांचा कडप्पा धुवायला कसब लागतं. डावीकडून धार सोडायची आणि तळहातानं ती उजवीकडे ओढत न्यायची; मग पाणी त्या काळ्या दगडावर एकसारखं पसरतं आणि त्यात दाराची चौकट उलटी दिसते. लग्नाला तीन महिने होत आले होते. सुकन्याला हे आता झोपेतही जमलं असतं.

त्या मंगळवारी चौकट पुरती दिसली नाही. मधोमध एक तुकडा कोरडा राहिला होता.

हात चुकला असेल म्हणून तिनं ओला तळवा पुन्हा फिरवला. तळवा ओला, दगड कोरडा. तांब्यात उरलेलं घोटभर पाणी तिनं नेमकं त्या जागेवर ओतलं. पाणी कडेनं वळलं आणि पायरीवरून खाली गेलं.

"तेल मुरलं असणार," अमरेश बूट घालता घालता म्हणाला. तिचा नवरा एका क्लासमध्ये बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवायचा, त्यामुळे घरातल्या प्रत्येक गोष्टीसाठी त्याच्याकडे एक प्रकरण तयार असायचं. "तेलकट पृष्ठभाग पाणी धरत नाही. सोड्यानं घास."

मग तो बाहेर पडला. रोज तो उंबऱ्याच्या मधूनच जायचा. त्या दिवशी बोलण्याच्या नादात कडेनं गेला.

२

तिनं सोड्यानं घासलं. बुधवारी चिंचेनं घासलं. उंबरा आरशासारखा झाला आणि ती जागा होती तशी राहिली.

सुकन्या नर्स होती. शहरातल्या एका खाजगी रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, जिथं दिवसांआधी आलेली बाळं काचेच्या पेटीत ठेवतात. तिथं काम करून नजरेला एक खोड लागते. दिसेल त्याची लांबी आणि वजन आपोआप मनात येतं. भाजीवाल्याकडे दुधी भोपळा उचलला तरी तो किती आठवड्यांचा असेल असं वाटून जातं. उंबऱ्यावरची जागा दीड वीत होती. एका टोकाला गोल, मध्ये जराशी रुंद, पुढे निमुळती. गुरुवारी आत्या शेजारी गेल्याचं बघून तिनं पर्समधली टेप काढली आणि लावली.

सदतीस सेंटीमीटर.

सदतीस सेंटीमीटरच्या जगात हजार गोष्टी असतात. लाटणं असतं. दुमडलेला टॉवेल असतो. पण टेप गुंडाळताना तिला लाटणं आठवलं नाही. आठवली पेटी नंबर चार. मुलगी, नऊशे ऐंशी ग्रॅम, लांबी सदतीस. फाइलमध्ये तो आकडा तिच्याच अक्षरात होता.

त्या बाळाची आई मार्था, रेणापूरच्या अलीकडच्या एका वस्तीवरची. सातव्या महिन्यातच सिझेरियन करावं लागलं होतं आणि तिला खाटेवरून उठता येत नव्हतं. नवरा ट्रक घेऊन तेलंगणात गेलेला. फादर नांदेडला, लगेच निघाले तरी तीन-चार तास. दुपारी तीनला डॉक्टरांनी तिला सांगितलं की आशा कमी आहे. डॉक्टर वळल्यावर मार्थानं सुकन्याचा हात धरला.

"सिस्टर, लेकराला पाणी घाला."

"ताई, तिला तोंडानं काही देता येत नाही."

"प्यायला नव्हं. डोक्यावर. बाप्तिस्मा. आमच्यात नड पडली तर कुणीबी घालू शकतंय. घालणारा आमच्यातला नसला तरी चालतंय. फकस्त पाणी डोक्यावरून वाहिलं पायजे, अन् घालणाऱ्याच्या मनात तेच असलं पायजे."

मग तिनं शब्द सांगितले, सुकन्याकडून दोनदा म्हणवून घेतले. नाव सांगितलं, अग्नेस. सुकन्या म्हणाली, "घालते."

साडेचारला ती परत वॉर्डात आली तेव्हा बाळ गेल्याचं डॉक्टर सांगून गेले होते. मार्थानं विचारलं,

"पाणी?"

"घातलं."

"नाव घेतलं?"

"घेतलं."

मार्थानं तिचे दोन्ही हात ओढून घेतले आणि त्यांना ओठ लावले. सुकन्याच्या खिशात पाच मिलीची सिरिंज होती. भरलेली.

नियमच तसा होता. बाहेरची वस्तू पेटीत न्यायची नाही, जंतुसंसर्ग होतो. नवीन मुलींना हा नियम ती स्वतः शिकवायची. टेप पर्समध्ये टाकताना तिनं तो मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हटला, सगळाच्या सगळा. जे बाळ तासाभरात जाणार होतं त्याला कसला संसर्ग, हे त्या नियमात कुठं आलेलं नव्हतं.

३

शनिवारी ड्यूटी संपवून ती जिना उतरली तर खाली बाकावर मार्था. सव्वा महिन्यात वाळून गेली होती. मांडीवर शेंगांची पिशवी.

"सिस्टर! वळखलं का?"

"ताई... तब्येत कशी आहे?"

"हाय की. टाके सुकले. ह्या शेंगा घ्या, घरच्या हायत. न्हाई म्हणू नका, वजन उचलायला डॉक्टरनं मना केलंय, परत कशी नेऊ?"

स्वतःच्या विनोदावर ती स्वतःच हसली आणि सुकन्याला बाकावर बसवून घेतलं.

"फादरला म्या सगळं सांगितलं. ते म्हणले, मार्था, पाणी पडलं नसतं तरी भ्यायचं कारण नव्हतं. देवाची दया पाण्यापाशी अडत न्हाई. आता चर्चबी तसंच म्हणतंय म्हणे. अशी लेकरं देवाच्या हवाली करायची अन् आशा ठिवायची."

"बरोबर आहे," सुकन्या म्हणाली. इतक्या घाईनं म्हणाली की तिचं तिलाच ते ऐकू आलं.

"बरोबरच हाय. पर माझी आजी कानात बसलीय न. आजी म्हणायची, पाणी न पडलेली लेकरं देवाच्या घरापर्यंत जातेत. आग न्हाई, दुखणं न्हाई, रडणं न्हाई. पर आत घेत न्हाईत. उंबऱ्यावरच ऱ्हातेत. तिथून आतला दिवा दिसतो म्हणे." मार्थानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "फादर शिकलेले, आजी अंगठेवाली. पर दुपारी जरा डोळा लागला की आजीच बोलती. मंग मी तिला सांगती, अगं म्हातारे, माझ्या अग्नेसला सिस्टरनं पाणी घातलंय. मंग गप बसती. मंग मला झोप लागती."

सुकन्यानं शेंगांची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"पुढच्या रविवारी फादर वस्तीवर यायलेत. अग्नेससाठी प्रार्थना हाय. तुमी या. आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणतेत, ज्यानं पाणी घातलं त्याचं लेकराशी नातं लागतंय. तुमी काय परक्या न्हाईत."

"ड्यूटी बघून सांगते," सुकन्या म्हणाली.

घरी आत्यांनी त्यातल्या मूठभर शेंगा लगेच भाजल्या. "लई गोड हायत गं. कुणी दिल्या?"

"एका पेशंटनं."

"मग चांगलं काम केलं असशील तू तिचं. उगं कोण देतंय."

सुकन्यानं तोंडातला दाणा बराच वेळ चावला. तो गोडच होता.

४

रविवारी सकाळी उंबरा सगळा ओला झाला. उलटी चौकट पुरती दिसली, मधे कुठं तुटली नाही. तेल निघालं तर एकदाचं, असं ती मोठ्यानं म्हणाली आणि भस्म ओढताना चक्क गुणगुणली. मग बादली घेऊन बैठकीची फरशी पुसायला लागली.

दारापासून हातभर आत, फरशीवर, दीड वीत जागा कोरडी होती.

"पुसायलीस का फरशीला भेटून यायलीस?" आत्या मागून म्हणाल्या. "मधी कोरडंच ठिवलंय की. माहेरात असंच पुसत होतीस का भोकरला?"

सुकन्यानं पुन्हा फडकं फिरवलं. आत्यांना ते दिसत होतं ही एक गोष्ट तिनं मनात घट्ट धरून ठेवली. दिसतं म्हणजे फरशीचा दोष. टाइल खराब असते एखादी. पण सोमवारी ती जागा स्वयंपाकघराच्या दाराशी होती आणि मंगळवारी त्यांच्या झोपायच्या खोलीच्या दाराशी, पलंगाकडे तोंड करून. गोल टोकाला ती तोंड म्हणायला लागली होती, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती फडकं पिळत होती.

बुधवारी सगळं घर ओलं झालं. तिनं पलंगाखाली पुसलं, कपाटामागं पुसलं, देवघरासमोर पुसलं. कोरडं कुठंच नव्हतं. रविवारी ओला उंबरा बघून ती गुणगुणली होती. आता तिला एवढंच कळलं की कुठंच नाही म्हणजे फरशीवर नाही.

त्या दुपारी आत्या तूर निवडत बसल्या होत्या आणि ती शेजारी भिंतीला टेकली होती. पंखा बंद होता. लाइट गेली होती. सुपातल्या डाळीचा आवाज थांबला की मधल्या शांततेत दुसरं काहीतरी ऐकू यायचं. श्वास. तीन-चार भराभर, मग काहीच नाही.

हे तिला नवीन नव्हतं. दिवसांआधी आलेली बाळं अशीच घेतात. घेता घेता विसरतात. मग नर्सनं तळपायाला हलकी टिचकी मारून आठवण करून द्यायची असते. दिवसातून शंभरदा तिनं ती मारलेली होती. मनानं काही ठरवायच्या आत उजव्या हाताचं बोट उठलं, डाव्या मनगटाजवळ हवेत टिचकी मारून खाली आलं. श्वास पुन्हा सुरू झाला.

"टिचक्या कुणाला मारायलीस?" आत्यांनी सूप खाली ठेवलं. "अन् सकाळपासून बघून राहिले मी, डावा हात असा मुडपून धरतीस. काय हाय का? असंल तर सांग, लाजू नको."

"नाही आत्या, तसं काही नाही."

"असलं म्हंजे आधी सांगायचं. मठातल्या अय्यांना सांगून ठिवावं लागतंय. आपल्या लिंगायतात आठव्या महिन्यात, पोटात असतानाच लेकराला लिंग बांधतेत. उगं न्हाई बांधत. बाहीर आल्यावर येळ मिळंल न मिळंल, कुणाच्या हातात हाय? लेकराला तसंच ठिवू नये."

सुकन्या उठून आत गेली. कुणाच्या हातात होतं, ते तिला माहीत होतं.

५

गुरुवारी सकाळी नहाणीत पहिला तांब्या अंगावर घेतला आणि तिला समजलं. पाणी डोक्यावरून, खांद्यावरून आलं आणि डाव्या कोपराच्या खाचेपाशी दोन्हीकडे वळलं. कोपरापासून मनगटापर्यंत आतली बाजू कोरडी. साबण लावला तर फेस कडेलाच थांबला. हाताला मुंग्या नव्हत्या, बधिरपणा नव्हता. उलट तेवढी जागा उबदार होती.

नियमाचं कारण तिला महिनाभर पुरलं होतं. ते विटलं तेव्हा तिनं दुसरं काढलं होतं. कपाळाला भस्म लावणारी, नुकती लग्न झालेली पोरगी ख्रिस्ती मंत्र म्हणत पाणी घालताना कुणी बघितलं असतं तर? गावभर झालं असतं, सासरी कळलं असतं. हे कारण चांगलं होतं. त्यात थोडी तिचीही कीव येत होती. नहाणीत, अंगावर काही नसताना, तेही टिकलं नाही.

बाळ गेलं त्या दुपारी साडेतीन वाजले होते. सिरिंज भरून तिनं खिशात ठेवली होती. पेट्यांच्या खोलीत कुणी नव्हतं. काचेबाहेरच्या टेबलाशी स्वप्नाली बसली होती, तिच्याच बरोबरीची नर्स. ती म्हणाली, "लग्नाचे फोटो आले म्हणे तुझे? दाखव की." सुकन्याला वाटलं, पाचच मिनिटं. मोबाइल आत आणायचा नाही हाही नियम होता, तो तेव्हा आठवला नाही. हळदीचे झाले, अक्षतांचे झाले. शालूतला एक होता, त्यात ती वळून बघते आहे. "ह्यात माझं नाक किती नीट आलंय बघ," असं ती म्हणत होती. तेव्हा चार नंबरचा मॉनिटर वाजला.

एवढंच. भीती नव्हती, धर्म नव्हता. नाक होतं.

शब्द ती विसरली होती. बुधवारी संध्याकाळी मोबाइलवर शोधून पाठ केले होते. आता तिनं तांब्या भरला, डाव्या कोपरावर धरला आणि म्हटले, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं, नावासकट, अडखळत, दाराबाहेर ऐकू जाणार नाही अशा बेतानं. धार सोडली. पाणी वळलं.

घालणाऱ्याच्या मनात तेच असलं पाहिजे, मार्था म्हणाली होती. सुकन्याच्या मनात ते नव्हतं. तिच्या मनात होतं, जा.

आणि मग श्वास थांबला. ती मोजत राहिली. दहा, पंधरा, वीस. वीसला तिनं टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली, जोरात. लांबून आल्यासारखा एक उसासा आला आणि तीन-चार भराभर. सुकन्या नहाणीच्या ओल्या जमिनीवर बसली. तिला हायसं वाटलं होतं. हायसं वाटलं ह्याची तिला जेवढी लाज वाटली, तेवढी त्या फोटोंचीही वाटली नव्हती.

६

रविवारी ती मार्थाच्या वस्तीवर गेली. प्रार्थनेला नाही, प्रार्थना आटोपल्यावर, भर बाराला, मुद्दाम. बसमध्ये वाक्य तयार केलं होतं. ताई, मी पाणी घातलं नाही. पाच शब्द. मागं-पुढं काही जोडायचं नाही, फोटोंचं सांगायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही. रडलं की मार्थाच तिची समजूत काढत बसली असती.

पत्र्याचं दोन खोल्यांचं घर. दारात सतरंजी झटकायचं काम चाललं होतं. फादर पुढच्या वस्तीवर गेले होते, माणसं पांगली होती. मार्था एकटीच होती.

"आलाव! म्या म्हणलं, सिस्टरला सुट्टी मिळाली न्हाई." तिनं सतरंजी टाकली आणि रांजणातून तांब्या भरून आणला. "थांबा थांबा, तशाच आत येऊ नका, उन्हातून आलाव. हातपाय धुवा आधी."

"ताई, आधी मला एक बोलायचंय."

"बोला की. धुता धुता बोला."

सुकन्यानं पायांवर पाणी घेतलं. मग उजवा हात पुढे केला.

"दुसरा?"

डावा हात तिनं कोपरात मुडपून छातीशी धरला होता. तो तसाच ठेवून तिनं बोटं तेवढी पुढे केली. पण मार्था सढळ हाताची बाई होती. तिनं तांब्या वर उचलला आणि कोपरावरून मोकळी धार सोडली.

ऊन डोक्यावर होतं, म्हणून दिसलं. पाणी फुटलं आणि क्षणभर कशाच्या तरी कडेनं चालत गेलं. वरच्या बाजूला डाळिंबाएवढा एक गोल. खाली उतार. शेवटी मनगटापाशी ते पाच ठिकाणी वेगळं होऊन ओघळलं, तुरीच्या दाण्याएवढ्या पाच ठिकाणी, आणि मातीत पडलं. बस, एवढंच. मग पुन्हा नुसता एक हात होता, बाहेरून ओला, आतून कोरडा.

तांब्या हवेतच राहिला होता. मार्था ओरडली नाही. तिनं तांब्या हळूच खाली ठेवला. हात पदराला पुसले, दोन्ही, नीट, बोटांच्या मधेसुद्धा. मग ते सुकन्यासमोर धरले, तळवे वर, कोपरं जराशी वाकवून.

"द्या," ती म्हणाली.

पाच शब्द तोंडात होते. तेही नको होते. हात लांब केला असता तरी पुरे होतं. मार्थानं पुढचं काही विचारलं नसतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. तिला राग नव्हता. तिच्या चेहऱ्यावर लेकराला घ्यायची अशी आस होती की तिच्याकडे बघत खरं बोलणं अशक्य होतं. कोपराच्या खाचेत ऊब होती. सुकन्याचा हात लांब झाला नाही. आवळला गेला.

"ताई," ती म्हणाली, "मी पाणी घातलं होतं."

मार्थाचे हात थोडा वेळ तसेच राहिले. मग एक खाली आला, मग दुसरा.

"हाव," ती म्हणाली. "घातलंच की. तुमी सांगितलं व्हतं की मला." तिनं कपाळावरून हात फिरवला. "ऊन लागलं असंल. सकाळपासून उपाशी हाय, अन् ती म्हातारी कानात बोलून राहिली. माफ करा, सिस्टर. तुमच्यावर शक केला म्या." आणि खाली वाकून, कुणाला कळायच्या आत, तिनं सुकन्याच्या ओल्या पायाला हात लावून तो कपाळाला लावला.

"अहो, काय करताय."

"आत या. चहा ठिवती."

"नको. बस जाईल माझी."

"मंग असं जाऊ नका. ऊन लई हाय. डोक्यावर पदर घ्या."

सुकन्यानं पदर ओढून घेतला. डोक्यावरून नव्हे, डाव्या हातावरून, नीट, दोन्ही कडा आत खोचत. मार्था दारातून बघत होती.